बाकी बाबी मागे

माझी बायको वृंदा मंगळवारी गेली. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, तांजोंग पगारच्या ऑफिसात होतो. टेबलावर अस्तुरियासच्या शाळेच्या कपड्याचा नमुना होता. मी त्याची घडी घातली, पिशवी उचलली आणि एमआरटीच्या मेट्रोने निघालो. मी पोचलो तेव्हा ती नव्हती. नर्सने तिचा चष्मा, मोबाइल आणि वही पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

नोकरीबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्यांदा हेच उतरलं. खोडावंसं वाटलं नाही. नोकरीतल्या ज्या एका ऑर्डरबद्दल मला सांगायचं आहे तिचा नमुना त्या दिवशी टेबलावर होता, आणि ती ऑर्डर कशी पुरी करायची ते त्या वहीत होतं.

मी मर्चंडायझर होतो. हा शब्द ऐकला की आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना मी दुकानदार वाटतो. काम वेगळं आहे. कपडे मागवणारा एका देशात असतो, शिवणारा दुसऱ्या देशात, आणि दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. मागवणारा लिहितो, ‘कॉलर जरा नाजूक दिसू दे.’ शिवणाऱ्याला सांगावं लागतं, ‘कॉलर सहा मिलिमीटरने कमी.’ या दोन वाक्यांच्या मधे जो माणूस बसतो तो मर्चंडायझर. आमचं ऑफिस एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खाली कॉफीशॉप. आमचा मुख्य कारखाना समुद्रधुनीपलीकडे मलेशियात, जोहोर बाहरूला. आठवड्यातून एकदा मी वुडलँड्सहून बस धरून, इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहून तिकडे जायचो.

आणि इतक्या खटपटीने आम्ही शिवायचो काय, तर स्पेनमधल्या मुलांचे शाळेचे कपडे. मी स्पेन पाहिलेला नाही. शेवटपर्यंत पाहिला नाही. पण तिथल्या तीन वर्षांच्या मुलाचं मनगट केवढं असतं ते मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

स्पेनमधून हे काम आमच्याकडे पाठवायच्या त्या पिलारबाई. माद्रिदजवळ त्यांचं शाळांना कपडे पुरवण्याचं छोटं घरगुती दुकान. त्यांची पहिली ऑर्डर आली ती एका सुती, ढगळ, गुडघ्यापर्यंतच्या, पूर्ण बाह्यांच्या कपड्याची. बालवर्गातली मुलं घरच्या कपड्यांवरून तो चढवतात, म्हणजे रंग, माती आणि डाळीचं सूप घरच्या कपड्यांवर सांडत नाही. स्पॅनिशमध्ये त्याला म्हणतात बाबी.

ऑर्डरवर हा शब्द जागोजाग होता आणि मी तो मराठीतल्यासारखाच वाचत गेलो. बाबी, म्हणजे यादीतल्या बाबी. वाटलं, बाईंची हिशेबी भाषा दिसते. कापड आणि बटणं खोक्यांत भरून जोहोरला पाठवताना मी खोक्यांवर मोठ्या रोमन अक्षरांत तोच शब्द छापून घेतला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून काक सलमाचा फोन. काक म्हणजे मलयमध्ये थोरली बहीण. ही शिवणविभागाची प्रमुख, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी.

‘एन्चिक,’ ती म्हणाली. एन्चिक म्हणजे साहेब, पण तिच्या आवाजात साहेब नव्हता. ‘खोकी फाटकाशी उभी आहेत. एकही मुलगी हात लावायला तयार नाही.’

‘ओली झाली का?’

‘अलामाक! ओली? तुम्ही वर काय लिहिलंय ते वाचा ना!’

मी वाचलं. आठ वर्षं सिंगापुरात राहणाऱ्या माणसाला ते तेव्हा वाचता आलं. मलयमध्ये बाबी म्हणजे डुक्कर. नुसतं डुक्कर नव्हे, शिवीसुद्धा. आणि कारखान्यातल्या जवळजवळ सगळ्या बाया मुसलमान.

मी त्याच दिवशी बस धरून गेलो, ब्राउन पेपरची गुंडाळी काखेत मारून. काक सलमाने आधीच खोक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. मी माफी मागितली. ती हाताची घडी घालून ऐकत राहिली.

‘लहान मुलांचा कपडा, आणि हे नाव ठेवता?’

‘मी नाही ठेवलं. स्पेनने ठेवलंय.’

‘मग स्पेनला सांगा,’ ती म्हणाली आणि मशीनकडे वळली. पाठमोरी हसत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

घरी येऊन वृंदाला सांगितलं तर तिला हसू आवरेना. ‘अहो, तुम्हाला जिथे तिथे मराठीच दिसतं,’ ती म्हणाली. ‘स्पॅनिश शब्द, मलय शिवी, आणि तुम्ही मधे बाबींची यादी करत बसलात!’ त्या दिवसापासून कारखान्याच्या कागदांवर तो शब्द गेला नाही. तिथे ‘स्मॉक’ चालायचं. बाबी फक्त आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये उरला. आमची मुलगी सई तेव्हा लहान होती. ती तिचा चित्रकलेचा एप्रन मागायची तोही, ‘आई, माझा बाबी कुठेय?’

वृंदा पुण्याला बालवर्गावर शिकवायची. माझ्यामागे इथे आली ती डिपेंडंट पासवर. त्या पासवर नोकरी मिळणं कठीण होतं, आणि तिने तक्रार केली नाही, निदान माझ्यापाशी नाही. याबद्दल मी पुरेसं विचारलं नाही, हे मला आता जाणवतं. तिने लायब्ररीचं कार्ड काढलं आणि स्पॅनिश व्याकरणाचं पुस्तक आणलं. मी विचारलं, ‘हे कशाला?’ तर म्हणाली, ‘तुम्ही ज्या पोरांचे कपडे शिवताय त्यांच्या बाई काय म्हणतायत ते कोणी वाचायला नको का?’

कारण ऑर्डरबरोबर शाळांची पत्रकं यायची. पालकांना काय काय आणायचं त्याच्या याद्या. मी त्यांतली मापं तेवढी उचलायचो आणि बाकीचं सोडून द्यायचो. वृंदा ते बाकीचं वाचायला लागली. तिने दोनशे पानी वही केली. एका पानावर एक प्रांत. वर हाताने काढलेला स्पेनचा नकाशा, त्यात तो प्रांत पेन्सिलीने भरलेला, खाली मराठीत टिपणं आणि कपड्याचं चित्र. बटणं नेमकी मोजून काढलेली.

ती वही वाचताना मी पहिल्यांदा थक्क झालो. तोवर माझ्या समजुतीने देश एक म्हणजे गणवेश एक. सिंगापुरात तरी शाळेगणिक रंग बदलतो. तिथे आणखी किती काय काय बदलत होतं! माद्रिदकडच्या आमच्या बहुतेक शाळांना गणवेश हवा, गडद निळा स्वेटर, चौकड्याचा स्कर्ट, आणि बालवर्गाला त्यावर बाबी. कातालोनियातल्या सरकारी शाळांतली मोठी मुलं घरच्याच कपड्यांत. पण छोट्यांना अंगावर रेघारेघांचा ढगळ कपडा हवाच, आणि त्याला बाबी म्हटलं तर कपाळाला आठ्या. तिथे ती बाता. उत्तरेला गालिसिया, अस्तुरियासकडे तोच कपडा मांदिलोन. दक्षिणेत आंदालुसियात पुन्हा बाबी, पण कापड असं पातळ की आरपार हात दिसावा. एका वर्षी आम्ही तिकडे नेहमीचं जाड कापड पाठवलं. तिथल्या एका बाईंनी पत्रात फक्त एक ओळ लिहिली होती. वृंदाने ती मला वाचून दाखवली: ‘जूनमध्ये तुम्ही स्वतः हे घालून नाचून बघा.’

पिलारबाईंच्या गावात रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शाळा होत्या. दोन्हींचा बाबी निळ्या-पांढऱ्या चौकड्याचा. एकीचा चौकडा तीन मिलिमीटरचा, दुसरीचा पाच. मी म्हटलं, दोघींना चारचा करू, कोणाला कळणार आहे? पिलारबाई फोनवर म्हणाल्या, ‘सेन्योर, रस्त्यापलीकडून आईला कळतं.’ मी हे वृंदाला हसत सांगितलं. ती हसली नाही. ‘कळणारच,’ म्हणाली. ‘घंटा झाल्यावर शंभर सारखी पोरं धावत सुटतात. त्यातलं आपलं कोण ते कशावरून शोधतात असं वाटतं तुम्हाला?’

आणि ते इलॅस्टिक. कातालोनियातल्या कितीतरी शाळांना मानेमागे इलॅस्टिकची लांब कडी हवी असते. मुलाने ती स्वतः खुंटीला अडकवायची, स्वतः काढायची. आम्हाला मात्र एवढी लांब कडी शिवायची परवानगी नाही. लहान मुलांच्या गळ्याशी दोरी, नाडी नको असा नियम, आणि तो योग्यच आहे. मी पत्र पाठवलं की हे जमणार नाही. उत्तर आलं, तुम्ही करू नका, ते आमचं आम्ही करतो. वृंदाने शोधून काढलं. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तिथल्या आया, आज्या, कुठे कुठे बापही, सुई-दोरा घेऊन बसतात आणि आम्ही पाठवलेल्या प्रत्येक कपड्याला तेवढा एक तुकडा शिवतात. तिने वहीत लिहिलं होतं: ‘शेवटचे चार टाके घरचे.’ मी हे वाक्य कित्येक वेळा वाचलं आहे. आपण हजारोंनी शिवलेला कपडा कुठल्यातरी स्वयंपाकघरात एकेक करून पुरा होतो, हे कळल्यावर मी नमुने टेबलावर फेकायचं सोडून दिलं.

काक सलमा वृंदाला एकदाच भेटली, कारखान्यात. वृंदाने वही दाखवली. काक सलमाने ती वाचता येत नसूनही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. ‘चिकगू,’ ती म्हणाली. चिकगू म्हणजे बाई, शिक्षिका. परतीच्या बसमध्ये वृंदा म्हणाली, ‘मला चिकू म्हणाली हो.’ मी अर्थ सांगितल्यावर ती पूल संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. इतक्या वर्षांत इथे तिला कोणी बाई म्हटलं नव्हतं.

आता ती ऑर्डर.

अस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा डोंगराळ, पावसाचा भाग. तिथल्या एका खोऱ्यात सहा-सात खेड्यांची मिळून एक शाळा आहे. तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकाच खोलीत बसतात. पिलारबाईंचं आजोळ त्या खोऱ्यातलं, म्हणून आमच्या धंद्याच्या मानाने चिमूटभर असलेली ही ऑर्डर त्यांनी हट्टाने आम्हाला दिली होती. शाळेच्या बाईंनी हाताने लिहिलेलं पत्र होतं, त्याचा फोटो. अक्षर बारीक आणि तिरकं. वृंदा तेव्हा हॉस्पिटलात होती. मी म्हटलं, ‘राहू दे, मोबाइल वाचून दाखवतो हल्ली.’

‘मोबाइलला मांदिलोन म्हणजे मोठा एप्रन वाटतो,’ ती म्हणाली. ‘आणा इकडे.’

तिने तीन दिवस ते पत्र वाचलं. एका वेळी चार-पाच ओळी. मग वहीत टिपण केलं. ती गेली त्याच्या आदल्या रविवारी मला सांगितलं, ‘पाच वर्षांच्या मापाचा नमुना करून घ्या. बटणं पुढे. बाकीचं सगळं लिहून ठेवलंय.’

आमच्याकडे पद्धत अशी की एकाच मापाचा नमुना मंजुरीला जातो, बहुधा सर्वात मोठ्या. तो पास झाला की त्यावरून लहान मापं काढायची. पाच वर्षांचा नमुना तयार झाला. मंगळवारी सकाळी तो माझ्या टेबलावर होता.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेलो. नमुना स्पेनहून मंजूर होऊन आला होता. लहान मापांचं काय ते पाहायला मी वही उघडली. शेवटचं टिपण, तिचं अक्षर थोडं घसरलेलं:

‘अस्तुरियास. खोऱ्यातली शाळा. निळ्या बारीक रेघा. पाच वर्षांना बटणं पुढे, पाच.’

आणि पानाच्या तळाशी, शेवटची ओळ:

‘बाकी बाबी मागे.’

मी पान उलटलं. मागे काही नव्हतं. त्याच्या पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं. वहीची उरलेली सगळी पानं एकेक करून उलटली. मग वही उलटी धरून झटकली, एखादा सुटा कागद असेल म्हणून. वाटलं, बाकीच्या बाबी मागच्या पानावर लिहायच्या होत्या आणि राहून गेल्या. वेळ पुरला नाही.

पत्र मोबाइलमध्ये होतं. ते यंत्रात घालून वाचून घेता आलं असतं, पिलारबाईंना विचारता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. तिने वाचलेलं पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायला मला नको होतं. मी लहान मापंही पाच वर्षांच्या नमुन्यासारखीच, बटणं पुढे, अशी लिहून कारखान्यात पाठवली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पुष्टी न घेता पाठवलेला तो एकच कागद.

ऑगस्टच्या सुरुवातीला माल तयार झाला. खोकी बंद करण्याआधी मी नेहमीप्रमाणे फोटो पाठवले. शुक्रवारी दुपारी पिलारबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचं इंग्रजी माझ्या स्पॅनिशइतपतच, पण हातांनी सगळं कळत होतं.

‘छोट्यांचे? पुढे का?’ त्यांनी स्वतःच्या छातीवर बोटं फिरवली आणि मग पाठीकडे हात नेला. ‘छोट्यांचे मागे! शाळेच्या बाईंनी लिहिलं होतं ना. मोठ्यांचे पुढे, ते आपले आपण लावतात. छोट्यांचे मागे, ते मोठे लावून देतात. खोलीत एकच बाई आहे, सेन्योर. पिढ्यानपिढ्या असंच चालू आहे. माझ्या आईलाही कोणीतरी असंच लावून दिलेलं.’ मग त्या थांबल्या. ‘तुमच्या सेन्योराबाईंना हे माहीत होतं. मला त्यांनी लिहिलं होतं की त्यांना हे फार आवडलं.’

मी म्हटलं, बघतो.

मला माल परत जाण्याची भीती नव्हती. ऑर्डर एवढीशी होती, ऑफिसातले साहेब एक शब्द बोलले नसते. पण ही तिने लावलेली शेवटची ऑर्डर होती आणि मी ती चुकवली होती. सप्टेंबरमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी त्या खोलीतली छोटी मुलं आपली बटणं आपण लावायची धडपड करतील आणि मोठ्यांना करायला काही उरणार नाही. आणि त्यात तिचा हात असेल. तिने अर्धं लिहून ठेवलं म्हणून.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सई आली होती. ती जुरोंग आयलंडवर केमिकल इंजिनिअर आहे, कंपनीच्या बसने येते, आल्याबरोबर सोफ्यावर आडवी होते. मराठी तिला कळतं सगळं; वाचते ती अक्षर अक्षर जोडून. मी वही तिच्यापुढे धरली. ‘हे बघ, आईने इथपर्यंत लिहिलं. बाकीचं मागे लिहायचं राहिलं.’

सईने बोट ठेवून वाचलं. ‘बा-की. बा-बी. मा-गे.’ मग माझ्याकडे पाहिलं. ‘राहिलं काय? लिहिलंय ना.’

‘काय लिहिलंय?’

‘बाकी बाबी, मागे. द रेस्ट ऑफ द बाबीज, बटन्स अ‍ॅट द बॅक. सो क्लिअर, ला.’

‘अगं, बाबी म्हणजे मुद्दे. गोष्टी. उरलेल्या गोष्टी मागच्या पानावर, असं.’

‘बाबी म्हणजे मुद्दे?’ सई उठून बसली. ‘सिन्स व्हेन? बाबा, बाबी म्हणजे बाबी. माझा पेंटिंगचा होता तो. आईने आयुष्यात दुसऱ्या कशाला बाबी म्हटलेलं मी ऐकलं नाही.’

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती. तिच्यावरची ओळ पुन्हा वाचली: पाच वर्षांना बटणं पुढे. आणि खाली: बाकी बाबी मागे. त्यात कोड्यासारखं काही नव्हतं. बालवर्गाच्या बाईंनी लिहावं तितकं सरळ होतं. ज्या मुलीला मराठी नीट येत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुर केली तिने ते एका दमात वाचलं, कारण तिच्याजवळ त्या शब्दाचा एकच अर्थ होता, आईचा. माझ्याजवळ दोन होते. मी त्यातला तो घेतला ज्याच्यामुळे आणखी एक पान असणार होतं.

‘तुम्हाला जिथे तिथे मराठीच दिसतं,’ मी मोठ्याने म्हटलं.

‘व्हॉट?’ सई म्हणाली.

‘काही नाही. आई म्हणायची.’

तिने थोडा वेळ वही मांडीवर तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, ‘शी फिनिश्ड इट, बाबा.’

शनिवारी सकाळी मी जोहोरला गेलो. काक सलमाला काय झालं ते सगळं सांगितलं, शब्दासकट. बाबी हा शब्द मी तिच्यासमोर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उच्चारला. तिने भुवया उंचावल्या. एक तयार कपडा खोक्यातून काढला आणि तीन वर्षांच्या मापाच्या पुतळ्यावर घातला. मग काढला आणि उलटा घातला, बटणं पाठीला.

‘पुढचं मागे झालं,’ ती म्हणाली. ‘खलास.’

‘खलास कसं? गळा बघ.’

गळा वर येऊन पुतळ्याच्या हनुवटीखाली रुतत होता. पुढचा गळा नेहमी खोल असतो, मागचा उथळ. उलटं घातलं की गळफास. शिवाय खिसे पाठीवर गेले होते. तिने ते सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं. ‘कॉलर उसवायची. जी आता पुढची बाजू झाली तिचा गळा खाली कापायचा. कॉलर परत लावायची. खिसे काढून पुढे. बाह्या ढगळ आहेत, त्या चालतील. सुईची भोकं राहतील, वाफेने बुजवू. सुती आहे, बरीचशी बुजतात.’

‘किती दिवस?’

‘चिकगूचं काम आहे ना?’

‘हो.’

‘मग दिवस का विचारता, एन्चिक?’

त्या आठवड्यात मी रोज पलीकडे गेलो. मला शिवता येत नाही, उसवता येतं. काक सलमा, तिच्या विभागातल्या दोन मुली आणि मी चौघं एका टेबलाशी बसून खिसे उसवत होतो. ब्लेडच्या टोकाने एक टाका उचलायचा, तोडायचा, पुढचा. कापडाला लागता कामा नये. मी इतकी वर्षं या कपड्यांची मापं लिहिली, पण एका खिशात किती टाके असतात ते कधी पाहिलं नव्हतं. एवढ्याशा खिशाला दोन्ही कोपऱ्यांत उलटसुलट घातलेली टीप असते, मुलं हात खुपसून लोंबतात म्हणून. हे मी कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. कारखान्यातल्या बायांना ते ठाऊक होतं. त्यांच्या घरीही मुलं होती.

जहाज चुकलं होतं, म्हणून खोकी विमानाने गेली. बंद करताना काक सलमाने मार्कर हातात घेतला आणि मला विचारलं, ‘वर काय लिहू?’ मी म्हटलं, स्मॉक. तिने लिहिलं. मग खोक्याच्या आतल्या झाकणावर, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तिने बारीक अक्षरांत लिहिलं: ‘चिकगू.’

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पिलारबाईंनी व्हिडिओ पाठवला. शाळेच्या बाईंनी काढलेला, जेमतेम दोन मिनिटांचा, मुलांचे चेहरे दिसणार नाहीत अशा बेताने पाठीमागून. खिडकीबाहेर धुकं होतं. भिंतीला दोन रांगा खुंट्या, एक उंच, एक बुटकी. मोठी मुलं आपापले कपडे घालून, खाली मान घालून पुढची बटणं लावत होती. ती झाल्यावर कोणी काही न सांगता एकेक जण एकेका छोट्याच्या मागे जाऊन उभा राहिला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी एका अगदी लहान मुलाच्या पाठीशी वाकली होती. तिने पहिलं बटण दुसऱ्या काजात घातलं. शेवटी एक बटण उरलं. ती थांबली, सगळी बटणं काढली आणि पुन्हा वरून सुरुवात केली. तो मुलगा हात थोडे बाजूला धरून उभा होता. हलला नाही, वळून पाहिलं नाही. मागे कोणीतरी आहे आणि ते लावून देणार आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती.

ती मुलगी शेवटच्या बटणापाशी आली तेव्हा मी व्हिडिओ थांबवला आणि मोठा करून पाहिला. त्या मुलाच्या पाठीवर, निळ्या रेघांमध्ये, खिसा होता तिथे सुईच्या भोकांची एक चौकट अंधूक दिसत होती. माहीत नसलेल्या माणसाला ती दिसली नसती.

मी तो व्हिडिओ काक सलमाला पाठवला. तिचं उत्तर आलं: ‘ती पोरगी माझ्याकडे नोकरीला पाठवा.’

सगळ्या जगात ढगांखाली कुठे कुठे खोल्या आहेत आणि त्यांत कोणीतरी कोणाच्या तरी पाठीची बटणं लावतं आहे. हे मी नोकरीत असताना रोज खोक्यांत भरून पाठवत होतो आणि मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. लायब्ररीतून आणलेल्या व्याकरणाच्या पुस्तकावरून, हौगांगच्या दहाव्या मजल्यावरून तिने ते पाहिलं होतं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. ऑफिसातल्या माझ्या जागी आलेल्या मुलीला मी मापांच्या सगळ्या फायली दिल्या. वही दिली नाही. तिच्यासाठी इंग्रजीत उतरवून दिली. उतरवताना बाबी या शब्दाशी थांबलो आणि तो तसाच ठेवला, पुढे एक सूचना लिहून: हा शब्द कारखान्याच्या खोक्यांवर छापू नये.

वही माझ्याकडे आहे. तीन वर्षांच्या मापाचा एक कपडा आहे, मागे बटणं असलेला. सई रविवारी येते. वहीतल्या शेवटच्या पानावर शेवटची ओळ आहे. त्या पानाच्या मागे काही नाही.